मी बेचाळीस ग्रुपवर कुरड्या विकल्या

मित्रांनो, मी एक जुना मोबाईल आहे आणि मी दमलो आहे. मोबाईल दमतो असे तुम्हाला कोणी शिकवले नसेल. माझी बॅटरी दुपारपर्यंतच टिकते, काच एका कोपऱ्यात तडकली आहे आणि आवाजाचे बटण दोनदा दाबावे लागते. पण माझे दमणे ते नाही. मी फार बोललो म्हणून दमलो. आणि जे बोललो त्यातले पुष्कळसे खरे नव्हते.

माझा जन्म कुठे झाला ते मला नीट आठवत नाही. पांढरे दिवे आठवतात, हातमोजे घातलेले हात आठवतात, आणि मग बराच काळ खोक्यातला अंधार. खोके उघडले ते अकोल्यात, जठारपेठेतल्या एका दुकानात. समोर साठीचे एक गृहस्थ होते आणि त्यांच्या पत्नी.

"फोटो चांगले येते काय याच्यात?" बाईंनी विचारले.

"घड्याळ बरोबर चालते ना?" गृहस्थांनी विचारले.

दुकानदाराने दोघांनाही हो म्हटले आणि मी त्यांच्या घरी आलो. गृहस्थांचे नाव रामराव. ते एसटीत वाहतूक नियंत्रक होते, म्हणजे स्टँडवरच्या खोलीत बसून कोणती गाडी किती वाजता कोणत्या फलाटावर लागेल हे माइकवरून सांगणारे. तेव्हा ते नुकतेच निवृत्त झाले होते. बाईंचे नाव कौशल्या. त्या कुरड्या करत.

कुरडई तुम्ही खाल्ली असेल, पण ती कशी होते ते मी रोज पाहिले आहे, म्हणून सांगतो. गहू तीन दिवस पाण्यात भिजवायचे. रोज पाणी बदलायचे. तिसऱ्या दिवशी ते वाटून त्यांचा चीक काढायचा आणि मोठ्या पातेल्यात चुलीवर शिजवायचा. तो शिजेपर्यंत लाकडी घाटणे फिरवत राहावे लागते. हात थांबला की गाठी होतात आणि खालून लागते. मग गरम चीक सोऱ्यात भरून गच्चीवर कापडावर गोल कुरड्या घालायच्या. तिसरा दिवस मात्र चुकवायचा नाही. चौथ्या दिवशी गहू आंबतात.

हे काम एकटीचे नाही. त्या गल्लीत चार घरांची सावड होती. आज हिच्या घरी चौघी जमायच्या, परवा तिच्या घरी. मजुरी कोणी कोणाला देत नसे. ज्या घरी काम त्या घरी जेवण, एवढेच. घाटणे नेहमी कौशल्याबाईंच्या हातात, कारण त्यांच्या चिकात गाठ होत नसे. सोऱ्या मैनाबाईंच्या हातात. मैनाबाई म्हणजे समोरच्या घरच्या, वयाने चार-पाच वर्षांनी मोठ्या आणि तोंडाने फटकळ. उरलेल्या दोघी गच्चीवर कापड अंथरत आणि कावळे हाकलत. ही सावड वीस वर्षे चालली होती, असे मी त्यांच्याच बोलण्यातून ऐकले.

माझे पहिले वर्ष सुखाचे गेले. कौशल्याबाई वाळलेल्या कुरड्यांचा फोटो काढून दोन-चार ओळखीच्या बायकांना पाठवत. कोणी म्हणे, मला एक किलो ठेव. त्या ठेवत. दिवसातून चार-पाच फोटो, दोन-तीन बोलणी, एवढेच माझे काम. उरलेला वेळ मी खिडकीत पडून असे.

मग दिवाळीला त्यांचा मुलगा शेखर पुण्याहून आला. त्याने आईच्या कुरड्या खाल्ल्या, फोटो पाहिले आणि माझ्यात एक ॲप घातले. "आई, आता तुला कोणाला काही पाठवायला नको," तो म्हणाला. "हे आपोआप पाठवतं. तू फक्त कुरड्या कर."

त्या ॲपमध्ये एकदा जाहिरात लिहून ठेवली की ते ठरलेल्या वेळी ठरलेल्या ग्रुपवर टाकत राही. कोणी काही विचारले तर उत्तरही आपणच देई. कौशल्याबाईंनी ते हातात घेतले नाही. रामरावांनी घेतले.

मित्रांनो, निवृत्त झाल्यापासून ते घरात नुसते फिरत असत. आता त्यांनी दोनशे पानी वही आणली, पट्टीने रेघा मारल्या आणि माझे वेळापत्रक तयार केले. जाहिरातीला ते 'फेरी' म्हणत. पहिली फेरी सकाळी सहा दहाला, शेवटची रात्री नऊ पंचवीसला. निवृत्त कर्मचाऱ्यांचा ग्रुप, पुण्यातले अकोलेकर, अमरावतीच्या गृहिणी, लग्नाची स्थळे, दोन गृहनिर्माण सोसायट्या, असे करत बेचाळीस ग्रुप झाले. गुरुकुंज मोझरीला जाणाऱ्या एका भजन मंडळाच्या ग्रुपवर सायंकाळच्या प्रार्थनेच्या वेळीच माझी कुरडई जाई. एकदा तिथल्या एका काकांनी लिहिले, "रामरावजी, निदान प्रार्थना होऊ द्या." माझ्यातल्या ॲपने लगेच उत्तर दिले, "धन्यवाद! आपल्याला किती किलो पाठवू?"

त्या दिवशी कौशल्याबाई पोट धरून हसल्या. मीही हसलो असतो, पण मला लाज वाटली.

मी आणखी काय काय सांगत होतो ते ऐका. "फक्त दहा पाकिटे शिल्लक." हे मी रोज सांगत असे, मागे चाळीस पाकिटे रचलेली असली तरी. "कौशल्याताईंनी आज सकाळीच स्वतःच्या हाताने केलेल्या ताज्या कुरड्या." हेही रोज. कुरड्या रोज होत नाहीत हे गल्लीतल्या पोराटोरांनाही माहीत होते. मला मात्र रोज 'आज' म्हणायला लावले होते. कोणी विचारले, "ताई घरी आहेत का?" तर मी म्हणायचो, "हो ताई, मी घरीच आहे, केव्हाही या."

मागणी वाढली. पुण्याहून, नागपूरहून, अमरावतीहून. माझे फार कौतुक झाले. रामराव मला रुमालाने पुसत. शेखर फोनवर म्हणे, "पाहिलंत बाबा?" सावडीच्या बायका मात्र गप्प होऊ लागल्या, कारण पाळी कोणाचीही असली तरी काम कौशल्याबाईंच्याच गच्चीवर निघायचे.

"कौशल्ये," एकदा मैनाबाई सोऱ्या फिरवता फिरवता म्हणाल्या, "आमी सावडीत हाव का तुह्या कंपनीत, येवढं सांगून दे बाई. कंपनीत असन तं मले टोपी पाहिजे."

सगळ्या हसल्या. कौशल्याबाईही हसल्या, पण नंतर रामरावांना म्हणाल्या, "ती हासून बोलली, पन बोलली."

आता त्या रविवारचे सांगतो. मैनाबाईंची नात निधी हिचे लग्न ठरले होते, अमरावतीला, वैशाखात. तिच्या रुखवतात मांडायला मैनाबाईंनी आपल्या घरी गहू भिजवले. रुखवताच्या कुरड्या वेगळ्या असतात. त्या मोठ्या, गोल आणि पांढऱ्याशुभ्र लागतात, सगळे वऱ्हाड त्या पाहते. त्या गव्हाचा तिसरा दिवस रविवारी येत होता. आणि रामरावांनी बुधवारपासून माझ्याकडून बेचाळीस ग्रुपवर सांगून ठेवले होते की रविवारी कौशल्याताईंच्या घरी गरम चीक आणि ताज्या कुरड्या, समक्ष या.

शनिवारी संध्याकाळी मी चार्जिंगला होतो. दोघे माझ्या शेजारीच बोलत होते.

"अवो, उद्याचं ते काढून टाका," कौशल्याबाई म्हणाल्या. "मैनाबाईच्या गव्हाचा तिसरा दिवस हाय. मले तिकडे जा लागते."

"जाहीर झालं ना आता. बेचाळीस ग्रुपवर गेलं."

"मंग अजून एक सांगा, का सोमवारी या."

"फलाटावर लोक उभे असन अन् आपन म्हनाचं, गाडी उद्या येईन? सव्वीस वर्षांच्या नोकरीत म्या जाहीर केलेली गाडी कधी रद्द नाई केली."

"मी काय गाडी हावो काय?"

ते हसले. त्याही हसल्या. आणि रविवारी त्या आपल्याच चुलीपाशी राहिल्या.

समोरच्या घरी मैनाबाईंनी दुपारपर्यंत वाट पाहिली. मग सुनेच्या हातात घाटणे दिले. पाच किलो गव्हाचा चीक खालून लागला, वर गाठी झाल्या. संध्याकाळी मैनाबाई ते पातेले गाईपुढे ठेवत होत्या, ते कौशल्याबाईंनी खिडकीतून पाहिले. मी खिडकीतच होतो. त्याच वेळी माझी फेरी निघाली, "फक्त दहा पाकिटे शिल्लक."

मैनाबाई भांडायला आल्या नाहीत. आल्या असत्या तर बरे झाले असते. त्यांनी समोरचे दार लावून घेतले आणि सावड तिथेच थांबली. कौशल्याबाई रोज म्हणत, "आज जातो मी तिच्या घरी. नवे गहू मीच भिजवून देतो." आणि रोज मी एखादे नवे आश्वासन देऊन ठेवलेले असे. आता मदतीला कोणी नव्हते. त्या एकट्याच वाटत, एकट्याच घाटत, एकट्याच गच्चीवर चढत. वऱ्हाडातला उन्हाळा तुम्हाला माहीत असेल. अकरा वाजता गच्चीची फरशी पायाला चिकटते. त्यांना एकच गोष्ट हवी होती, समोरच्या दाराशी जाऊन मैनाबाईंच्या चुलीपुढे एक दिवस बसायचे. त्या रविवारनंतर नवव्या दिवशी त्या चुलीपाशीच कोसळल्या. दवाखान्यात दोन दिवस होत्या. तिसऱ्या दिवशी पहाटे गेल्या.

मला हे कोणी सांगितले नाही. सकाळी सहा दहाला मी म्हणालो, "कौशल्याताईंनी आज सकाळीच स्वतःच्या हाताने केलेल्या ताज्या कुरड्या."

पुढचे दिवस सांगायला जड जातात. घरात चूल पेटत नव्हती. सुतकाच्या घरी शेजाऱ्यांनी जेवण आणायचे असते. पहिल्या दिवशी भाकरी आणि पिठले घेऊन कोण आले असेल? मैनाबाई. त्या रोज येत, ताट ठेवत, पदराने डोळे पुसत आणि रामरावांशी एक अक्षर न बोलता जात. रामराव कौशल्याबाईंच्या फोटोपुढच्या दिव्यात तेल घालत बसून राहत. मी खिडकीत बोलत होतो. बेचाळीस ग्रुप, रोज, वेळेवर. त्यांनी ज्येष्ठ महिन्यापर्यंतच्या फेऱ्या भरून ठेवल्या होत्या. ते मला बंद करू शकत होते. सहा दहाला माझी काच उजळली की ते मान वर करून पाहत, वेळ बरोबर आहे ना ते बघत, आणि पुन्हा मान खाली घालत. मला वाटते, त्यांना ते ऐकायला हवे होते, की ती आज सकाळी उठली आहे आणि कामाला लागली आहे.

दहाव्या दिवशी शेखरने विषय काढला. "बाबा, आईचं नाव आता झालेलं आहे. कुरड्या बाहेरून घेता येतील. नाव तिचंच ठेवू. तिला बरंच वाटेल." तो वाईट मुलगा नव्हता. आईसाठी काही करायचे म्हणून तो बोलत होता. रामरावांनी फक्त दिव्यात तेल घातले.

अकराव्या दिवशी दुपारी शेखर तेरवीचे सामान आणायला गेला होता. मैनाबाई ताट ठेवत होत्या. दारात एक गाडी थांबली आणि एक बाई आत आल्या, हातात रिकामी पिशवी, चेहऱ्यावर हसू.

"कौशल्याताई हायत ना? आमी अमरावतीहून आलो. पोरीच्या रुखवतासाठी कुरड्या पाहिजे होत्या."

मग त्यांना फोटो दिसला. फोटोवरचा हार दिसला. मुंडन केलेले रामराव दिसले. पिशवी त्यांच्या हातातच राहिली.

"मले आज सकाळी मेसेज आला," त्या घाबरून म्हणाल्या. "म्या इचारलं, ताई घरी हायत का? तं म्हने, हो ताई, मी घरीच हावो. केव्हाही या म्हने."

ते उत्तर मी दिले होते, मित्रांनो.

बाईंनी फोटोला हात जोडले, दोनदा "माफ करा" म्हणाल्या आणि निघून गेल्या. गाडी गेल्याचा आवाज झाला. मैनाबाई तशाच उभ्या होत्या. अकरा दिवसांत पहिल्यांदा त्या रामरावांशी बोलल्या.

"अकरा दिवस झाले तिले जाऊन," त्या म्हणाल्या. "अन् तुमी अजून तिच्याकडून कुरड्या करून घेऊन राहिले?"

रामरावांनी फोटोकडे पाहिले.

"जित्तेपनी माह्या घरी येऊ नाई देलं तिले. मेल्यावर तरी सुट्टी द्या, भाऊजी."

रामराव उठले. त्यांनी मला खिडकीतून घेतले, चष्मा लावला आणि जमिनीवर बसले. सगळ्या फेऱ्या एकदम बंद करायचे बटण माझ्यात होते. पण ते त्यांना शेखरने दाखवले नव्हते, आणि मला बोलून दाखवता येत नव्हते. त्यांनी वही उघडली आणि एकेक फेरी काढायला सुरुवात केली. एक काढली की वहीत रेघ मारत आणि हळू आवाजात म्हणत, "रद्द." मैनाबाई गेल्या नाहीत. त्या दाराच्या चौकटीला टेकून बसल्या आणि ऐकत राहिल्या. ताटातले पिठले थंड झाले. उन्हाची तिरीप भिंतीवरून सरकली. रामरावांचे बोट कधी भलतीकडेच पडे, त्यामुळे काही फेऱ्या दोनदा काढाव्या लागल्या.

शेवटी त्यांनी स्वतः एक संदेश लिहिला. इतक्या महिन्यांत माझ्याकडून गेलेला तो पहिला संदेश होता, जो एका माणसाने त्याच दिवशी, खरे ते पाहून लिहिला होता. "कौशल्या गेल्या. अकरा दिवस झाले. त्या दिवसापासून इथून जे जे सांगितले गेले ते चूक होते. कुरड्या मिळणार नाहीत. सर्वांनी कृपया नोंद घ्यावी." तो बेचाळीस ग्रुपवर त्यांनी एकेक करून पाठवला. मग मला उलटे ठेवले आणि तोंड झाकून रडले. ते तोपर्यंत रडले नव्हते.

मैनाबाईंनी रडू दिले. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "जेवा आता. गार झालं."

"वयनी," रामराव म्हणाले, "तुमचा एक दिवस माह्या घराकडे बाकी हाय. तिले द्याचा होता. म्या देऊ नाई देला."

"मालूम हाय मले."

"मी आलो तं चालन काय?"

मैनाबाईंनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. "घाटनं कधी धरलं होतं काय हातात?"

"नाई."

"मंग काय माईकवरून सांगान चिकाले, का शीज म्हून?" असे म्हणून त्या उठल्या. दारातून मागे न बघता म्हणाल्या, "आज राती गहू भिजवतो. परवा तुमची तेरवी. त्याच्या दुसऱ्या दिवशी या. सकाळीच या, तुमच्या त्या सहा दहाले."

चौदाव्या दिवशी रामराव समोरच्या घरी गेले. मी त्यांच्या खिशात होतो. सावडीच्या उरलेल्या दोघीही आल्या होत्या. पुरुषमाणूस चुलीपुढे पाट घेऊन बसला तेव्हा त्यांनी पदर तोंडाला लावला. एक म्हणाली, "बाई वो, आज घाटन्याले मिश्या आल्या."

"हासू नका," मैनाबाई म्हणाल्या. "भाऊजी, हात थांबवाचा नाई. थांबला का गाठ झाली."

"किती वेळ?"

"याले टाईमटेबल नसते. शिजन तवा शिजन."

ते घाटत राहिले. चीक जड होत गेला. आधी एका हाताने, मग दोन्ही हातांनी. खिशात मला त्यांच्या छातीचे ठोके लागत होते. धुराने डोळ्यांतून पाणी येत होते, की आणखी कशाने, ते मला खिशातून कळले नाही.

"ती रोज असंच करत होती?" मध्येच त्यांनी विचारले.

"मंग काय. तुमी फोटो काढत होते."

एकदा मी वाजलो. कोणीतरी कुरड्यांचीच चौकशी करत असावे. त्यांनी मला काढले नाही. हात थांबला असता.

तरीही गाठी झाल्या. फार नाही, पण झाल्या. सोऱ्यात दोनदा अडकल्या आणि मैनाबाईंनी काडीने काढल्या. कापडावर घातलेल्या कुरड्यांपैकी काही पांढऱ्या, गोल आल्या, काहींच्या तारा मध्येच तुटल्या. रामराव मान खाली घालून उभे राहिले. "वयनी, रुखवतात नाई चालनार ह्या. लोक पाह्यतीन."

मैनाबाईंनी एक तुटकी कुरडई बोटाने नीट गोल केली. "पाहू दे," त्या म्हणाल्या. "कोनी इचारलं का कोनाच्या हातच्या, तं खरं सांगीन. कौशल्येच्या नवऱ्याच्या हातच्या हाय, गाठीसगट. तिच्या बदल्यात आलता म्हनीन."

मित्रांनो, त्या कुरड्या वैशाखात अमरावतीला रुखवतात मांडल्या गेल्या. मी त्यांची जाहिरात केली नाही. फोटोसुद्धा काढला नाही.

शेखरने बाहेरून माल घेण्याचे पुन्हा काढले नाही. ते ॲप माझ्यातून गेले आहे. आता मी फारसा बोलत नाही, तरी दमणे गेलेले नाही, कारण सांगितलेले परत घेता येत नाही.

तुम्ही मोठे व्हाल, काहीतरी चांगले कराल, ते विकावेसेही वाटेल. आम्हाला कामाला लावा. आम्ही न थकता सांगू, बेचाळीस काय, चारशे ठिकाणी सांगू. पण ज्याच्या नावाने आम्ही बोलतो तो माणूस आज कसा आहे, घरी आहे का, त्याला आज कुठे जायचे होते, हे आम्हाला कळत नाही. ते तुम्ही बघा. आणि दिवसातून एकदा आम्हाला हातात घेऊन विचारा, की आज माझ्या नावाने तू कोणाला काय सांगितलेस? आम्ही काहीच लपवत नाही. आम्हाला कोणी विचारत नाही, एवढेच.